कडू उतरवण्याची विद्या
(पोटापाण्याचा इतिहास : भाग ६)

मागच्या भागात आपण महाड-पोलादपूरच्या वरकस उतारांवरची नाचणी आणि वरी पाहिली. पण ती पिकवायला उतार तरी हाती हवा. ज्या कातकऱ्यांकडे तोही नव्हता, त्यांचं पोट बऱ्याच अंशी रानावर चालायचं, आणि त्या रानखाण्यातला एक मोठा आधार म्हणजे मातीखालचा कडू कंद.

त्याचा कडूपणा उतरवायची विद्या समजायला जरा लांबून येऊ. ओकची झाडं सह्याद्रीत नाहीत, आपल्या देशात ती मुख्यतः हिमालयात. पण युरोप, जपान, कोरिया, कॅलिफोर्निया इथल्या माणसांनी शेतीच्या आधी आणि काही ठिकाणी नंतरही ओकच्या फळांवर गुजराण केली. मोरोक्कोतल्या ताफोराल्ट गुहेत सुमारे १५,००० वर्षांपूर्वीच्या माणसांचे दात इतके किडलेले सापडले, की संशोधकांनी त्याचा ठपका या पिष्टमय फळांवर ठेवला. इबेरियाच्या (आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या) डोंगरातले लोक वर्षाचा दोन-तृतीयांश काळ याच फळांच्या पिठाच्या भाकरीवर काढतात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहून गेला आहे.

अडचण टॅनिनची. फळ तसंच चावलं तर तोंड आवळून येतं. कॅलिफोर्नियातल्या पोमो, मिवोक या आदिवासी जमातींच्या बायका गर वाळवून, कुटून पीठ करायच्या. वाळूत खळगा करून त्यात ते पसरायच्या आणि कडूपणा जाईपर्यंत वरून पाणी ओतत राहायच्या. मग घट्ट विणलेल्या टोपलीत पीठ-पाणी कालवून त्यात तापलेले दगड सोडले, की पेज तयार.

आपल्या करांद्याची गोष्ट याच जातीची. लावलेल्या वेलाचे करांदे पावसाळा सरल्यावर बाजारात येतात, मीठ घालून उकडले की झालं. रानातला त्याचा भाऊबंद, म्हणजे कातकऱ्यांचा तो कडू कंद, मात्र जहाल. त्यातली डायोसबल्बिन नावाची द्रव्यं यकृताला बाधतात. म्हणून पहारीने खणलेला कंद सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, चुलीतली राख घालून उकळायच्या. ते पाणी फेकून चकत्या टोपलीत भरायच्या आणि टोपली रात्रभर ओढ्याच्या धारेत दगडाखाली दाबून ठेवायची. सकाळी एक चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर पुन्हा राख, पुन्हा ओढा.

मग ओकचं फळ कॅलिफोर्नियात मुख्य अन्न झालं आणि कडू कंद का नाही? मला कारण साठवणीत दिसतं. ओकची फळं थोड्या आठवड्यांत ढिगाने पडतात आणि नीट वाळवली तर वर्षानुवर्षं टिकतात. कंद एकेक करून खणावा लागतो, आणि त्याचं कोठार म्हणजे जमीनच. ज्याची कोठारं नाहीत, त्याची मोजदाद होत नाही, सारा लागत नाही. इतिहासकाराच्या हाती कागदच उरत नाही.

असल्या खाण्याला सरसकट ‘दुष्काळी अन्न’ म्हणण्याची रीत आहे. ती मला पटत नाही. घरात दाणा नसताना, पोरं रडत असताना, राख किती आणि पाणी किती वेळ हे कोणी नव्याने शिकत बसत नाही. चांगल्या सालीही कंद शिजत होता, म्हणून वाईट सालात हात चुकला नाही.

एक विनंती. हे वाचून रानातला कंद घरी आणून प्रयोग करू नका. चकतीची जाडी आणि राखेचा अंदाज लेखातून येत नाही. जाणत्या माणसाने रांधलेलाच खा. पुढच्या आठवड्यात फणसाची आठळी.