दोष वयाचा की यंत्राचा?

धुळ्यातील एक निवृत्त शिक्षक गेल्या हिवाळ्यात मुलासह माझ्याकडे आले. पंचाहत्तरीनिमित्त मुलाने त्यांना संगणकीय दुर्बीण भेट दिली होती. तिच्या हातातल्या नियंत्रकावर ताऱ्याचे नाव निवडले, की ती स्वतःच त्या दिशेला वळते. नानांनी महिनाभर खटपट केली, पण दुर्बीण दरवेळी रिकाम्या आकाशाकडे तोंड करून थांबे. अखेर त्यांनी तिच्यावर चादर टाकली. “डॉक्टरसाहेब, आता डोकं चालत नाही माझं,” एवढेच ते म्हणाले. वडिलांची स्मरणशक्ती तपासावी, अशी मुलाची विनंती होती.

तपासणी केली. तारीख, वार, हिशेब, आदल्या रात्रीचे जेवण, सारे चोख होते. डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती, तीही त्या वयाला साजेशी. मग नियंत्रक मागवून पाहिला. त्यात ‘उन्हाळी वेळ’ चालू ठेवलेली होती. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करतात. भारतात ती पद्धत नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणजे एका तासाच्या चुकीने यंत्र १५ अंशांपर्यंत भलतीकडे पाहू लागते. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश आकाश झाकते. चूक दीड मुठीची होती. नानांच्या डोक्यात काहीही बिघडलेले नव्हते.

वाचकहो, यंत्राने दगा दिला की तरुण माणूस यंत्राला दोष देतो, वृद्ध माणूस स्वतःच्या वयाला. म्हणून वयाला बोल लावण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासा. हे काम दिवसाउजेडी, टेबलावर, वडीलधाऱ्यांना शेजारी घेऊन करावे. निरनिराळ्या यंत्रांत नावे थोडी वेगळी असतात, पण मुद्दे हेच.

पहिली तारीख. बरेच नियंत्रक आधी महिना आणि मग दिवस विचारतात. ५ मार्च ही तारीख आपल्या सवयीने भरली, तर यंत्र ती ३ मे समजते आणि आकाश दोन महिन्यांनी पुढे सरकते. दुसरी वेळ. मनगटावरच्या घड्याळातलीच भरावी, कालविभाग अधिक साडेपाच तास ठेवावा आणि उन्हाळी वेळ बंद करावी. तिसरे स्थान. गावांच्या यादीत आपले गाव नसेल तर आकडे भरावेत: जळगाव सुमारे २१ अंश ० मिनिटे उत्तर, ७५ अंश ३४ मिनिटे पूर्व, धुळे सुमारे २० अंश ५४ मिनिटे उत्तर, ७४ अंश ४६ मिनिटे पूर्व. ‘पूर्व’ऐवजी ‘पश्चिम’ निवडले गेले तर यंत्राच्या लेखी आपण पृथ्वीच्या पाठीमागे असतो.

आता वृद्ध डोळ्यांसाठी आणि हातांसाठी. अंधारात तरुणाची बाहुली सात-आठ मिलिमीटर उघडते. वाढत्या वयात ती अनेकदा पाच मिलिमीटरही उघडत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, उतारवयात त्याहून अधिक. म्हणून नियंत्रकाच्या पडद्याचा उजेड अक्षरे वाचता येतील इतकाच ठेवावा. तो कमी-जास्त करता येतो. सरकत्या अक्षरांचा वेग अनेक यंत्रांत कमी करता येतो, तोही करावा. पडद्यावरची भाषा इंग्रजी असते. कोणते बटण केव्हा दाबायचे, हे मराठीत ठळक अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून द्यावे.

दुर्बीण वळवण्याची गती बहुधा १ ते ९ अशी असते. मोठी गती लांबच्या प्रवासासाठी. तारा नजरेच्या टप्प्यात आला की गती उतरवावी, नाहीतर थरथरत्या बोटाच्या एका स्पर्शाने तो निसटतो. कंप असलेल्यांना नियंत्रक सोयीचाच आहे. नळीला हात लावावा लागत नाही, म्हणून प्रतिमा हलत नाही. तो मांडीवर ठेवून अंगठ्याने दाबावा.

गच्चीवर मात्र वैद्यकीय शिस्त हवी. उभ्याने मान मागे टाकून पाहू नये. पाठ टेकणारी खुर्ची घ्यावी. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी एकदम उठताच चक्कर येते, म्हणून उठण्यापूर्वी मिनिटभर पाय हलवावेत. विजेची तार वाटेत नसावी. मधुमेह्यांनी अनवाणी फिरू नये. थंडीत कान-छाती झाकावी. आणि दिवसा दुर्बीण सूर्याच्या आसपासही वळवू नये. योग्य गाळणीवाचून सूर्य पाहिल्यास दृष्टिपटल क्षणात भाजते, आणि तेव्हा वेदनाही होत नाही.

सगळेच सेटिंगवर ढकलू नये, हेही सांगतो. वर्षानुवर्षे हाताळलेला गॅस, रेडिओ किंवा पैशांचा हिशेब अचानक जमेनासा झाला, ओळखीच्या वाटेवर चुकायला झाले, तोच प्रश्न पुन्हापुन्हा येऊ लागला, तर विलंब न करता डॉक्टरांकडे यावे. नवे यंत्र न जमणे वेगळे आणि जुने हातचे सुटणे वेगळे.

आपल्या खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी स्थापलेल्या मठाची ती नोंद. आजोबांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त वेधाची अनेक यंत्रे वर्णिली आणि बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र मानले.

नानांची ती बुद्धी शाबूत होती. मृगाचा बाण आणि कृत्तिकांचा पुंजका ते दुर्बिणीवाचून ओळखत. फक्त नियंत्रक नेहमी नातवाच्या हातात असे. काळजीवाहकांना माझी एवढीच विनंती आहे: सेटिंग तुम्ही करा, पण अंधार पडल्यावर नियंत्रक त्यांच्या हाती द्या आणि आपण बाजूला बसून विचारा, “नाना, आज काय दाखवता?”