जुना पॅटर्न, नवा पॅटर्न आणि वीस बाजूंचा फासा

‘तू जुन्या पॅटर्नचा की नव्या?’ परीक्षेचा फॉर्म भरताना हा प्रश्न तुम्हाला कुणी ना कुणी विचारला असेलच. एखादा विषय मागे राहिलेला असतो, तोवर सिलॅबस बदललेला असतो आणि आपला पेपर नक्की कुठला, हे कळेपर्यंत निम्मं सेमिस्टर उलटतं. सध्या हाच प्रश्न ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, म्हणजे ‘डी अँड डी’ खेळणाऱ्या ग्रुप्सना पडतोय. फरक इतकाच की इथे विद्यापीठाचं परिपत्रक येत नाही. ते तुम्हीच काढायचं असतं. नाही काढलंत, तर तुमच्या वतीने ॲप काढून मोकळं होतं!

हा खेळ ज्यांना फक्त ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ किंवा ‘बाल्डर्स गेट ३’मुळे ऐकून माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यातला एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गोष्ट पुढे नेणं, राक्षस चालवणं हे त्याचं काम. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. तलवार लागली की हुकली, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ मध्ये पहिल्यांदा छापला गेला. तेव्हापासून नियमपुस्तकं बदलत आली आहेत. पाचवी आवृत्ती २०१४ ची. मग सप्टेंबर २०२४ मध्ये नवं ‘प्लेअर्स हँडबुक’ आलं, नोव्हेंबरमध्ये ‘डंजन मास्टर्स गाइड’ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘मॉन्स्टर मॅन्युअल’.

गंमत म्हणजे कंपनीने याला ‘सहावी आवृत्ती’ म्हटलंच नाही. ही पाचवीच, फक्त सुधारलेली, आणि जुनी पुस्तकं हिच्यासोबत चालतील, असं सांगितलं. या ‘चालतील’मध्येच सगळी मेख आहे.

पुस्तक कपाटात, नियम सर्व्हरवर

आवृत्ती बदलल्यावर भांडणं होणं नवीन नाही. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा असंख्य खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि ते आधीच्या ‘साडेतीन’ आवृत्तीवरच ठाम राहिले. त्यांची भूक ओळखून पायझो या कंपनीने २००९ मध्ये त्याच जुन्या नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा वेगळा खेळ काढला आणि तो जोरात चालला. हे का शक्य झालं? कारण जुनी पुस्तकं लोकांच्या कपाटात होती. रात्री घरात शिरून कुणी त्यातली पानं बदलून जाणार नव्हतं.

२०१७ मध्ये ‘डी अँड डी बियाँड’ आलं आणि चित्र पालटलं. पुस्तक डिजिटल विकत घ्यायचं आणि पात्र ॲपवर बनवायचं. बेरीज-वजाबाकी, कुठल्या लेव्हलला काय मिळतं, सगळं ॲप बघतं. नव्या खेळाडूसाठी हे वरदानच. २०२२ मध्ये हॅसब्रोने, म्हणजे हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या मालक कंपनीने, हे ॲपही विकत घेतलं. खेळाचा मालक आणि तुमच्या कॅरेक्टर शीटचा मालक एकच झाला.

याचा अर्थ काय, हे ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं. नवं हँडबुक यायच्या तोंडावर कंपनीने जाहीर केलं की कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल आणि जादुई वस्तू नव्या रूपात बदलल्या जातील. ज्यांना जुनंच हवंय, त्यांनी ते ‘होमब्रू’ म्हणून स्वतःच्या हाताने पुन्हा टाइप करून घ्यावं. जुनं पुस्तक वाचता आलं असतं, पण तुमच्या शीटवर ते आपोआप चाललं नसतं. वर्ष-दोन वर्षं एकच गोष्ट खेळत आलेल्या ग्रुप्सचा संताप झाला. पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीसाठी पुन्हा हमाली कशाला? काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. जुने स्पेल आणि वस्तू राहिल्या, फक्त त्यांच्या नावापुढे ‘लेगसी’ असा शिक्का लागला.

ॲपवरचा प्रत्येक बदल वाईटच, असं मात्र समजू नका. २०२२ मध्ये ‘स्पेलजॅमर’ या पुस्तकातल्या हॅडोझी या वंशाची जन्मकथा गुलामगिरीच्या इतिहासाची आणि वंशभेदी प्रतिमांची आठवण करून देते, अशी टीका झाली. कंपनीने माफी मागितली आणि डिजिटल आवृत्तीतून तो मजकूर काढला. छापील प्रती तशाच राहिल्या. म्हणजे चूक सुधारायची ताकद आणि तुमचा चालू खेळ बदलायची ताकद एकच आहे. बटण तुमच्या हातात नाही, हे ओळखून खेळायचं.

तीन गोब्लिन आणि एक झोप

‘असा कितीसा फरक पडणार?’ असं वाटत असेल, तर हे उदाहरण बघा.

‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’ हे २०१४ च्या स्टार्टर सेटमधलं साहस कित्येकांचं पहिलं साहस असतं. सुरुवातीलाच रस्त्यावर गोब्लिन दबा धरून बसलेले असतात. तुमच्या जादूगाराकडे ‘स्लीप’ हा स्पेल आहे. २०१४ च्या नियमांनुसार तुम्ही आठ बाजूंचे पाच फासे टाकता. सरासरी बेरीज साडेबावीस येते. जुन्या पुस्तकातल्या गोब्लिनची प्राणशक्ती ७. म्हणजे तीन गोब्लिन आडवे! त्यांना बचावाची संधीच नाही.

२०२४ च्या नियमांत हाच स्पेल पूर्ण वेगळा आहे. गोब्लिनला बचावाचा फासा टाकता येतो. तो हुकला तर आधी तो फक्त गांगरतो आणि पुढच्या पाळीच्या शेवटी पुन्हा हुकला, तरच झोपतो. शिवाय स्पेल जेवढ्या जागेत चालतो, ती जागाही बरीच आक्रसली आहे.

आता समजा, तुमच्या शीटवर जुना ‘स्लीप’ आहे आणि मैत्रिणीच्या शीटवर नवा. नाव एकच, चित्र एकच. दोघींनी एकाच लढाईत तो वापरला, तर डीएमने काय करायचं?

पुढची गुंतागुंत तर दिसतही नाही. जुन्या पुस्तकात गोब्लिन ‘ह्युमनॉइड’ गटात होते. २०२५ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ते ‘फे’, म्हणजे परीलोकातल्या प्राण्यांच्या गटात गेले. ‘होल्ड पर्सन’ हा स्पेल फक्त ह्युमनॉइडवर चालतो. म्हणजे कालपर्यंत जागच्या जागी खिळणारा गोब्लिन आज तुमच्याकडे बघून दात काढतोय, आणि तुमच्या स्पेलमध्ये तर एक अक्षरही बदललेलं नाही!

मिश्रण बिघडतं ते असं. एखादा नियम एकटा क्वचितच घोटाळा करतो. एक भाग जुना आणि त्याला जोडलेला दुसरा भाग नवा, असं झालं की घोटाळा होतो.

मग जोडकाम करायचं कसं?

पहिली गोष्ट, पाया एकच ठेवा. पूर्ण २०१४ खेळा किंवा पूर्ण २०२४ खेळा. तिसरा पर्यायही आहे : पाया २०२४ चा, आणि जे नव्यात आलेलंच नाही तेवढंच जुन्यातून घ्यायचं. एक गोष्ट दोन्हीकडे असेल तर नवी धरायची आणि फक्त जुन्यात असेल तर जुनी चालवायची. नव्या हँडबुकचा रोखही असाच आहे.

दुसरी गोष्ट सबक्लासची. जुन्या नियमांत क्लेरिकला त्याची शाखा पहिल्या लेव्हलला मिळायची आणि विझर्डला दुसऱ्या. आता सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलला मिळते. जुनी शाखा नव्या क्लासला जोडताना तिच्या सुरुवातीच्या शक्ती तिसऱ्या लेव्हलपर्यंत थांबवायच्या. नाहीतर एक जण फुकटात दोन पावलं पुढे निघतो आणि बाकीच्यांचं तोंड वाकडं होतं.

तिसरी गोष्ट गुणांची. इथे सर्वाधिक झोल होतो. पूर्वी ताकद, चपळाई वगैरेंचे जादा गुण तुमच्या वंशातून यायचे. आता वंशाला ‘स्पीशीज’ म्हणतात आणि गुण येतात बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून. जुना वंश आणि नवं बॅकग्राउंड घेतलं तर गुण दोनदा मिळतील. उलटं केलं तर एकदाही मिळणार नाहीत. तोडगा नियमातच आहे. जुन्या वंशाचे जादा गुण सोडून द्यायचे. जुनं बॅकग्राउंड असेल, तर एका गुणात २ आणि दुसऱ्यात १, किंवा तीन गुणांत १-१ अशी वाढ स्वतः निवडायची आणि सोबत एक ‘ओरिजिन फीट’ घ्यायची.

चौथी गोष्ट अगदी जुन्या पुस्तकांची. एखाद्या काकाच्या माळ्यावर ऐंशीच्या दशकातलं पुस्तक सापडलं, तर आकड्यांच्या नादी लागू नका. तेव्हा चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं संरक्षण जास्त होतं. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने ते उलटं केलं. पण पुस्तकातले नकाशे, सापळे, पात्रं, गोष्ट? ती शिळी होत नाहीत. १९८३ चं ‘रेव्हनलॉफ्ट’ २०१६ मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ होऊन परत आलं, ते याच जोरावर. गोष्ट जुन्यातून घ्या आणि राक्षस त्याच नावाचा नव्या पुस्तकातून.

टूलची सेटिंग आधी बघा

‘डी अँड डी बियाँड’वर पात्र बनवताना प्रत्येक निवडीपुढे ‘लेगसी’चा शिक्का आहे का, ते बघा. एकाच नावाच्या दोन नोंदी दिसल्या, तर घाईत वरचीवर टिचकी मारू नका.

‘रोलट्वेंटी’वर २०१४ आणि २०२४ साठी वेगवेगळ्या शीट आहेत. त्यातली कुठली, हे गेम सुरू करतानाच ठरवा. मध्येच बदलणं म्हणजे चालू लोकलमधून उतरण्यासारखं आहे.

‘फाउंड्री’ तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवता येतं. त्यात प्रत्येक खेळासाठी ‘लेगसी’ की ‘मॉडर्न’ नियम, ही निवड सेटिंगमध्ये करता येते. पात्रावर ओढून टाकलेला स्पेल ही स्वतंत्र प्रत असते, त्यामुळे मूळ संग्रह बदलला तरी ती तशीच राहते. पण अपडेटच्या बटणाला हात लावण्याआधी बॅकअप घ्या. आणि कॅम्पेनच्या अंतिम लढाईच्या आदल्या रात्री तर अपडेट करूच नका.

टूल कुठलंही असो, महिन्यातून एकदा कॅरेक्टर शीटची पीडीएफ काढून ठेवा. ॲप बदललं, सबस्क्रिप्शन संपलं, तरी तुमची लढवय्यी तुमच्याकडे राहते.

खिसा रिकामा असेल तर?

कॉलेजात असताना तीन-तीन जाडजूड पुस्तकं कोण घेणार? त्याचीही सोय आहे, आणि तिच्यामागेही एक भांडण आहे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने खुल्या परवान्याच्या अटी कडक करायचं ठरवल्याची कागदपत्रं बाहेर फुटली. खेळाडू आणि छोटे प्रकाशक खवळले. महिना संपायच्या आत कंपनी मागे हटली आणि २०१४ च्या नियमांचा गाभा, म्हणजे ‘एसआरडी ५.१’, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. हा परवाना परत घेता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा ‘एसआरडी ५.२’ही त्याच परवान्याखाली आला.

दोन्ही फुकट आणि कायदेशीर आहेत. त्यात सगळं नाही, प्रत्येक क्लासची एकेकच शाखा आहे. पण पहिलं वर्षभर खेळायला तेवढं पुरतं. दोन्ही पीडीएफ उतरवून शेजारी-शेजारी ठेवा. वाद झाला की कुठल्या आवृत्तीत काय लिहिलंय, ते मिनिटभरात सापडतं.

नियम कुणाचा?

गल्लीतलं क्रिकेट आठवा. ‘एक टप्पा आउट’ आणि ‘भिंतीपलीकडे गेला तर आउट’ हे कुठल्या बोर्डाने ठरवलं होतं? बॅट उचलायच्या आधी पोरांनी आपसात ठरवलं आणि तो कायदा झाला. पलीकडच्या गल्लीत दुसरा कायदा. मजा दोन्हीकडे सारखीच, पण ओव्हर चालू असताना नियम बदलला की मारामारी ठरलेली.

ॲपची डीफॉल्ट सेटिंग म्हणजे फक्त पलीकडच्या गल्लीचा कायदा. तो पटला तर घ्या. तुमचं कॅम्पेन २०१४ च्या नियमांवर मस्त चाललं असेल, तर कुणी नवं पुस्तक काढलं म्हणून ते जुनाट होत नाही. आणि नवे नियम आवडले असतील, तर ‘खरा डी अँड डी तर जुनाच’ म्हणणाऱ्या सीनिअरला घाबरायचंही कारण नाही.

पुढच्या सेशनआधी फक्त एक करा. दहा मिनिटं काढा आणि ग्रुपवर चार ओळी टाका : पाया कुठला, जुन्यातलं काय चालेल, वाद झाला तर कुठलं पुस्तक उघडायचं, आणि बदल करायचा असेल तर कधी. शक्यतो दोन साहसांच्या मधे, आणि सगळ्यांना विचारून. तो मेसेज पिन करा. मग खुशाल फासे टाका.