ब्राह्मी कोणत्या पाण्यात वाढली?

औषधी वनस्पती कोणत्या भूमीतून घ्यावी, हा प्रश्न आपल्या आचार्यांनी कधीच गौण मानला नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात वारुळाची, स्मशानाची, खडकाळ व विषम भूमी वर्ज्य सांगितली आहे. चरकसंहितेत जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात वायू, जल, देश आणि काल यांच्या दुष्टीची लक्षणे आली आहेत. आज हाच विषय मृदाशास्त्रज्ञ व जलतज्ज्ञ प्रयोगशाळेत हाताळीत आहेत. त्यांच्या कार्याकडे आपण वैद्यांनी आणि औषधनिर्मात्यांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

ब्राह्मीचेच उदाहरण घेऊ. (येथे नीरब्राह्मी अभिप्रेत आहे, बाजारात याच नावाने मंडूकपर्णीही विकली जाते, तो वाद तूर्त बाजूस ठेवू.) ही वनस्पती पाणथळ जागी पसरते, आणि ते पाणी ओढ्याचे की सांडपाण्याचे, याची निवड ती करीत नाही. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती अनुसंधान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात ब्राह्मी पारा, कॅडमियम यांसारखे धातू मिसळलेल्या पाण्यात वाढवून पाहिली. ती हे धातू शोषून आपल्या अंगी साठविते, असे त्यांना आढळले. दूषित जल शुद्ध करू पाहणाऱ्यास हा तिचा गुणच होय. मात्र असे काम केलेली वनस्पती शास्त्रज्ञ वेगळी काढून टाकतील. तीच आपल्याकडे वाळवून कुटली गेली तर तिचे मेध्य चूर्ण होईल. आणि ते आपण प्रामुख्याने बालकांना देतो.

शिसे बालकाच्या मेंदूसच बाधते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, पोटात गेलेले शिसे बालके प्रौढांच्या चार ते पाच पट अधिक शोषतात. आपल्याकडे वनौषधींत शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, म्हणजे एक ग्रॅम चूर्णात १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये बालकांसाठी आहारातील शिशाचे संदर्भमूल्य दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ठरविले. तपासणीत 'उत्तीर्ण' झालेले एक ग्रॅम चूर्णही त्याच्या चौपटीहून पुढे जाऊ शकते, हे गणित कोणीही करून पाहावे.

२००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे वृत्त आले, तेव्हा आपली सारी चर्चा रसौषधींच्या शोधन-मारणाभोवतीच फिरली. ती आवश्यकच होती. पण निव्वळ काष्ठौषधींतही मातीच्या वाटेने धातू येऊ शकतात, हा मुद्दा त्या गदारोळात मागे पडला. २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांना जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. परदेशी रुग्णासाठी जी दक्षता घ्यावयाची, ती गावातल्या रुग्णासाठीही घ्यावयास नको काय?

देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये थांबली, तथापि शिसे कुजत नाही, विघटित होत नाही; ते मातीच्या वरच्या थरात टिकून राहते. त्यामुळे जुन्या महामार्गाच्या कडेचा गोखरू वा पुनर्नवा गोळा करू नये. धुण्याने चिकटलेली धूळ जाते, आत शोषलेला धातू जात नाही. आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम अधिक सहजपणे वनस्पतीत शिरते. म्हणून लागवडीच्या मालाबाबत मातीचा सामू विचारणे अनाठायी नाही.

आम्ही एका अडत्यास ब्राह्मीचे मूळ ठिकाण विचारले असता 'माल वरून येतो' एवढेच उत्तर मिळाले. असा माल नाकारावा. पोत्यावर गाव, जलस्रोत व तोडणीचा महिना लिहून मागावा, आणि नमुना भरड करण्यापूर्वी, प्रत्येक खेपेतून काढावा. लहान फार्मसींनी तालुक्यातील चार-पाच जणांनी मिळून एकाच ठिकाणचा माल घेतल्यास तपासणीचा खर्च वाटून घेता येतो.