लहरींशी दोस्ती – भाग 4 : आधी परीक्षा, मग हाक

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या 12 वर्षांच्या पोराला मोटारसायकल चालवता येत नाही, मत देता येत नाही, स्वतःच्या नावावर सिमकार्डही घेता येत नाही. पण घरी जोडलेल्या ट्रान्समीटरवरून थेट ब्राझीलशी गप्पा मारण्याचा सरकारी परवाना त्याला मिळू शकतो. हौशी रेडिओच्या, म्हणजे हॅमच्या परीक्षेला बसायला 12 वर्षं पुरी असली की झालं.

ही परीक्षा केंद्रीय दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा घेते. अर्ज 'सरल संचार' पोर्टलवर करायचा. दर्जे दोन : रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींच्या लेखी परीक्षेत दोन भाग असतात. पहिल्यात ओहमचा नियम, डायोड, ट्रान्झिस्टर, मॉड्युलेशन, अँटेना वगैरे, दुसऱ्यात नियम. आयटीआय केलेल्या किंवा विज्ञान शाखेतल्या उमेदवाराला पहिला भाग ओळखीचा वाटतो आणि तो दुसऱ्याकडे काणाडोळा करतो. तसं करू नये. दोन्ही भागांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं.

जनरलसाठी याशिवाय ठिपके-रेघांची मोर्स लिपी येते. मिनिटाला 8 शब्द, म्हणजे पाच अक्षरांचा एक शब्द धरून 40 अक्षरं. दीड सेकंदाला एक. ऐकायला हे संथ वाटतं. पण ठिपके आणि रेघा कागदावर पाठ केलेला उमेदवार प्रत्येक अक्षरासाठी मनातल्या तक्त्याकडे वळतो, आणि तेवढ्यात पुढची दोन अक्षरं निघून जातात. म्हणून जुने हॅम नवख्याला तक्ता बाजूला ठेवायला लावतात. 'ए' हे 'डिट्-डाऽ' असं कानानेच ओळखायचं, तबल्याचा बोल ओळखावा तसं.

पास झालं की मिळतं ते फक्त प्रमाणपत्र. प्रक्षेपणाचा परवाना वेगळा, आणि तो देताना अर्जदाराची माहिती तपासली जाते. परवान्यासोबत कॉल साइन येते : रिस्ट्रिक्टेडवाल्याची व्हीयू3 ने सुरू होणारी, जनरलवाल्याची व्हीयू2 ने. जगात ती दुसऱ्या कुणाचीही नसते. राजीव गांधींची व्हीयू2आरजी होती.

एवढी चौकशी कशाला, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. 1939 मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. तरी 1942 च्या 'चले जाव' आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्यासाठी ट्रान्समीटर उभारून देणारे नरिमन प्रिंटर हे पूर्वीचे परवानाधारक हौशी. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी ते केंद्र पकडलं. घरात ट्रान्समीटर जोडू शकणारा माणूस काय करू शकतो, हे सरकारला तेव्हाच कळून चुकलं. स्वतंत्र भारताचे नियमही त्याच सावधपणाने लिहिलेले दिसतात : धंद्याचं बोलणं नाही, गाणी-बातम्यांचं प्रसारण नाही, आणि सांकेतिक भाषेत लपवाछपवी तर नाहीच. जे बोलायचं ते कुणालाही ऐकू येईल असं.

हे सगळं टाळून ऑनलाइन वॉकी-टॉकी मागवण्याचा मोह अनेकांना होतो. विकणारे परवान्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल 13 ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा दिल्या. मंगळवेढेकरांना तर विनापरवाना कारभाराची गोष्ट पाठच आहे. दुष्काळात इथल्या दामाजीपंतांनी परवानगी न घेता बादशहाचं कोठार लोकांना खुलं केलं आणि त्यांना वाचवायला विठू महार होऊन पांडुरंग बेदरला बादशहाकडे धावला. डब्ल्यूपीसीकडे तशी सोय नाही.

परवाना हातात आल्यावर मात्र हा गाव हॅमच्या सोयीचा आहे. ज्वारीचं काळंभोर रान, लांबवर सपाटी, उंच इमारती थोड्या. 7 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 40 मीटरच्या पट्ट्यासाठी सुमारे 20 मीटर तांब्याची तार लागते. ती मधोमध तोडायची, दोन्ही तुकडे कोॲक्सियल केबलला जोडायचे आणि गच्चीवरच्या खांबापासून कडुनिंबापर्यंत ताणायची. दिवसा या पट्ट्यावर पुणे, हैदराबाद, बेंगळुरू मिळतात. सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषणारा खालचा थर विरतो आणि दूरदूरचे आवाज येऊ लागतात. हातातल्या व्हीएचएफ संचाचं तसं नाही. वाटेत संदेश पुढे पाठवणारा रिपीटर नसेल, तर तो काही किलोमीटरांतच दमतो.

या छंदाची गरज कधी लागते, ते सोलापूरच्या आसपासच्या जिल्ह्यांनी पाहिलं आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मदतकार्यात निरोप पोचवायला हॅम मंडळीही होती. बॅटरी, संच आणि तार एवढ्यावर त्यांचं केंद्र चालतं. मधे ना टॉवर लागतो, ना एक्स्चेंज.

छंद पुढे कुठवर जातो, याचं उदाहरण पुण्यात आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा जेमतेम एक किलोचा उपग्रह बनवला आणि इस्रोने 22 जून 2016 रोजी तो अवकाशात सोडला. त्याचं काम होतं हॅम मंडळींचे संदेश एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणं. असे उपग्रह गच्चीवरून कसे ऐकायचे आणि त्यासाठी घरच्या घरी अँटेना कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात.