मनगट : मोटार नव्हे, बिजागरी!

६ फेब्रुवारी १९७१ रोजी चंद्रावर एक गमतीचा प्रकार घडला. ‘अपोलो-१४’ मधून गेलेले अमेरिकन अंतराळवीर ॲलन शेपर्ड यांनी दगडमातीचे नमुने गोळा करण्याच्या अवजाच्या दांड्याला गोल्फच्या काठीचे लोखंडी डोके बसवले आणि दोन चेंडू टोलवले. चंद्रावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षणाच्या केवळ एक षष्ठांश. चेंडूला अडवायला तेथे हवाही नाही. मग चेंडू किती दूर जायला हवा होता? पण त्या वेळच्या छायाचित्रांचा २०२१ मध्ये बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा असे दिसले की, पहिला चेंडू सुमारे २२ मीटर व दुसरा सुमारे ३७ मीटरच गेला होता. तशाच काठीने चांगला खेळाडू पृथ्वीवर चेंडू दीडशे मीटर सहज पाठवतो!

असे का झाले? शेपर्ड यांचा अंतराळपोशाख इतका ताठर होता, की त्यांना काठी दोन्ही हातांनी धरता येईना आणि कमरेतून वळताही येईना. एका हाताने जेवढे जमेल तेवढे त्यांनी केले. म्हणजे गोल्फच्या टोल्यात शरीराच्या वळण्याला फार महत्त्व असले पाहिजे. परंतु तुम्ही कोणाही नवशिक्याला विचारा, तो म्हणेल, “छे, सारी करामत मनगटाची!” खरे काय, ते आपण पदार्थविज्ञानाच्या आधारे ठरवू या.

प्रथम थोडी आकडेमोड करू. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४६ ग्रॅम वजनाचा असतो. लांब टोल्यासाठी जी काठी वापरतात, तिच्या डोक्याचे वस्तुमान सुमारे २०० ग्रॅम असते. कसलेला खेळाडू हे डोके चेंडूवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या घरात असतो. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ०.२ × ५० × ५० ÷ २ = २५० जूल. ही ऊर्जा काठी खाली येताना, साधारण पाव सेकंदात, द्यावी लागते. म्हणजे नुसत्या डोक्यासाठीच १००० वॅट, सव्वा अश्वशक्तीहून थोडी जास्तच! हात आणि काठीचा दांडा यांना लागणारी ऊर्जा वेगळीच. मनगट हलवणारे कोपरापुढील लहानसे स्नायू एवढी शक्ती कोठून आणणार? ती मांड्या, कंबर आणि पाठ यांच्या मोठ्या स्नायूंतूनच यावी लागते. पाय जमिनीला रेटतात, जमीन उलट पायांना रेटते, कंबर वळते, पाठोपाठ खांदे वळतात आणि हात ओढले जातात. न्यूटनचा तिसरा नियम येथे पायांखालीच उभा आहे.

मग मनगटाचे काम कोणते? १९६८ मध्ये ॲलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ब्रिटनमधील शास्त्रज्ञांच्या एका गटाने केलेले गोल्फविषयक संशोधन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी खेळाडूचे एक अगदी साधे प्रतिरूप मांडले : दोन दांडे, एकमेकांना बिजागरीने जोडलेले. वरचा दांडा म्हणजे हात, तो दोन खांद्यांच्या मधल्या एका बिंदूभोवती फिरतो. खालचा दांडा म्हणजे काठी. मधली बिजागरी म्हणजे मनगट. शास्त्रज्ञ याला दुहेरी लंबक म्हणतात.

हा लंबक तुम्ही घरी करून पाहा. जाड पुठ्ठ्याच्या ३० सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या कापा. त्यांची टोके ढिल्या नट-बोल्टने जोडा. एका पट्टीचे मोकळे टोक टाचणीने एका मोठ्या पुठ्ठ्यावर खिळवा. ही पट्टी म्हणजे हात. दुसऱ्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला एक नाणे चिकटवा. ही काठी. आता काठी हाताशी काटकोनात मागे वळवून ठेवा आणि टाचणीजवळ बोट लावून हाताची पट्टी झटकन फिरवा. काठी आधी मुकाट्याने मागून फरपटत येते आणि मग एकाएकी बाहेर फेकली जाते. हाताची पट्टी मध्येच थांबवाल, तर ती आणखीच सपकन पुढे जाते. यानंतर दोन्ही पट्ट्या एका सरळ रेषेत चिकटपट्टीने जखडून टाका आणि तसाच जोर लावा. आता सगळे कसे जडशीळ वाटते, नाही का?

यामागे दोन कारणे आहेत. पहिले असे. समजा, हाताची लांबी ६५ सेंटिमीटर आणि काठीची ११० सेंटिमीटर आहे. काठी काटकोनात दुमडलेली असताना तिचे डोके खांद्यापासून किती दूर असेल? पायथागोरसचा सिद्धांत वापरा. उत्तर येईल सुमारे १२८ सेंटिमीटर. काठी सरळ झाली, की हेच अंतर १७५ सेंटिमीटर होते. फिरवण्याला होणारा विरोध या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गणित करून पाहा, तो जवळजवळ दुप्पट होतो! म्हणून काठी दुमडलेली असेपर्यंत शरीराला ती सहज वेगाने फिरवता येते.

दुसरे कारण याहून मजेदार आहे. वेगात आलेल्या काठीच्या डोक्याला सरळ रेषेत जायचे असते, पण हात तिची मूठ वर्तुळाच्या आत ओढत असतात. हा ओढा काठीच्या गुरुत्वमध्यातून जात नाही, त्यामुळे काठी आपोआप बाहेरच्या बाजूला उघडते. उघडताना ती हातांना मागे खेचते, अर्थात हातांचा वेग कमी होतो. दोन्ही हात मिळून सुमारे सात किलोग्रॅम भरतील. एवढ्या जड हातांनी गमावलेली ऊर्जा हलक्याशा काठीला मिळाली, तर तिचा वेग किती वाढेल याची कल्पना करा! आपल्याकडे माळ्यावरून पाखरे राखणाऱ्याची गोफण आठवा. हात फिरतो सावकाश, दगड सुटतो सणसणत.

आता नवशिक्याची चूक तुमच्या ध्यानात येईल. तो जोर आणण्यासाठी आरंभीच मनगटाला हिसका देतो. काठी वेळेआधीच उघडते, फिरवायला जड होते आणि चेंडूपाशी येईपर्यंत तिचा भर ओसरू लागतो. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक थिओडोर जॉर्गेन्सेन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दुहेरी लंबकाची समीकरणे मांडली. निष्कर्ष चकित करणारा होता. मनगटांनी सुरुवातीपासून काठीला मदत केली, तर चेंडूवर आदळतानाचा तिचा वेग घटतो. उलट सुरुवातीला तिला उघडण्यापासून थोडे रोखून धरले, तर वेग वाढतो! अगदी शेवटच्या क्षणी मनगटांनी लावलेल्या जोराने वेगात थोडी भर पडते, असे नंतरच्या संगणकीय अभ्यासांत दिसून आले. पण ती शेवटचीच भर. मूळ भांडवल नव्हे.

शेवटी एक प्रश्न उरतो. अनेक चांगले खेळाडूही म्हणतात की, चेंडूला काठी लागताना आपण मनगटाने फटका मारतो. ते खोटे बोलतात काय? मुळीच नाही. पण काठी आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. हाताला बसलेल्या दणक्याची वार्ता मज्जातंतूंतून मेंदूला पोचते, तोवर चेंडू मीटरभर तरी पुढे निघून गेलेला असतो. जी गोष्ट कळायच्या आत संपून जाते, तिच्याविषयी आपल्याला जे ‘वाटते’ त्यावर किती विसंबायचे? म्हणून तर शास्त्रज्ञ मोजमाप करतात, छायाचित्रे घेतात, समीकरणे मांडतात.

शेपर्ड यांच्यापाशी चंद्रावर मनगट होते, काठी होती आणि गुरुत्वाकर्षणाची सवलतही होती. नव्हते ते मोकळेपणाने वळणारे शरीर. बिजागरी होती, पण दार ढकलणारा नव्हता! तुम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या फिरवाल, तेव्हा आणखी एक गोष्ट पाहा : काठीची पट्टी काटकोनाऐवजी थोडी कमी दुमडून सुरुवात केली, तर नाण्याच्या झेपेत काय फरक पडतो? उत्तर आधी अंदाजाने वहीत लिहून ठेवा आणि मगच प्रयोग करा.