नाम, स्थान आणि संकेत : लिनक्स संगणकाच्या तुटलेल्या जोडणीची चिकित्सा

वस्तू व तिचे नाव यांचा संबंध स्वाभाविक नसून सांकेतिक असतो, हा भाषाशास्त्राचा मूलभूत सिद्धान्त होय. हा संकेत मोडला असता काय घडते, याचे बोधप्रद उदाहरण संगणकाच्या क्षेत्रात आढळते. बोलींच्या ध्वनिमुद्रणांचा साठा ज्या लिनक्स संगणकावर ठेवलेला असतो, तो एके दिवशी नेटवर्कवर दिसेनासा होतो. कार्ड जळाले असे समजून संपूर्ण प्रणाली नव्याने बसविली जाते आणि त्या खटाटोपात साठ्यालाच धोका पोहोचतो. वस्तुतः दोष कित्येकदा केवळ एका नावात असतो. त्याचा शोध कसा घ्यावा, हे येथे सांगावयाचे आहे.

संगणकांच्या नामकरणाचे प्रकार मुंबईच्या उपनगरांनी प्रारंभापासून पाहिले आहेत. एर्नेट प्रकल्पात १९८७ मध्ये जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र व पवई येथील आय. आय. टी. यांच्यात दूरध्वनीच्या तारेवरून ई-मेलची देवघेव सुरू झाली. तीसाठी वापरलेल्या यूयूसीपी पद्धतीत मधल्या यंत्रांची नावे ओळीने लिहून पत्ता करण्याची रीत होती. तो पत्ता मार्गवाचक होता. पुढे लिनक्समध्ये नेटवर्क इंटरफेसला, म्हणजे संगणकाच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या द्वाराला, ईथ०, ईथ१ अशी क्रमवाचक नावे मिळत. परंतु द्वारे सापडण्याचा क्रम दर वेळी तोच राहील याची शाश्वती नव्हती. म्हणून २०१३ मध्ये सिस्टिमडीने स्थानवाचक नावे आणली. ईएनपी३एस० याची फोड अशी : ‘ईएन’ म्हणजे ईथरनेट, ‘पी३’ म्हणजे ३ क्रमांकाची पीसीआय बस, ‘एस०’ म्हणजे तीवरील ० क्रमांकाचा स्लॉट.

तथापि स्थानवाचक नावही अढळ नाही. यंत्रात दुसरे एखादे कार्ड बसविले की बसचे क्रमांक सरकू शकतात आणि ईएनपी३एस० चे ईएनपी४एस० होते. कॉन्फिगरेशनची फाइल मात्र जुन्याच नावाची वाट पाहत राहते. दादर स्थानकात ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक मिळाले. जुने टिपण घेऊन निघालेल्या घाटकोपर-मुलुंडच्या प्रवाशाची जी गत, तीच या फाइलीची. फलाट जागच्या जागी असतो, संकेत तेवढा बदललेला असतो.

दोषाचा शोध खालून वर, एकेक पायरी घ्यावा. प्रथम ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्यावी. यादीत द्वारच नसेल तर कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर तपासावा. द्वार आहे पण फाइलीतील नावाशी त्याचे नाव जुळत नाही, असे दिसल्यास दोष सापडला. द्वार चालू असूनही ‘नो-कॅरिअर’ हे शब्द दिसल्यास केबल किंवा स्विच पाहावा. नंतर ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा द्यावी. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास यंत्राने पत्ता मागितला, पण डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आले नाही, असे बहुधा समजावे. तिसरी आज्ञा ‘आयपी राउट’. तीत ‘डिफॉल्ट’ ही ओळ नसेल तर बाहेरचा मार्गच ठाऊक नाही. शेवटी ‘पिंग’ करावे : आधी राउटरला, मग बाहेरील एखाद्या अंकपत्त्याला, मग नावाला. अंकाने उत्तर येते व नावाने येत नाही, तर दोष डीएनएसमध्ये शोधावा.

नावाचाच दोष असल्यास फाइलीची प्रत काढून ठेवावी आणि बदल यंत्रासमोर बसूनच करावा. दुरून करताना चूक झाली तर परतीची वाट बंद होते. नेटप्लॅनमध्ये अथवा सिस्टिमडीच्या ‘लिंक’ फाइलीत कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता लिहून त्यावरून द्वार ओळखण्याची सोय आहे. मग कार्ड कोठेही बसविले तरी नोंद त्याच्याशी बांधलेली राहते.

हा उपायही निरपवाद नाही. कार्डच बदलले की मॅक पत्ता बदलतो. अशा वेळी स्थानवाचक नाव अधिक उपयोगी ठरते. तात्पर्य, ओळख वस्तूशी बांधावयाची की स्थानाशी, हे आधी ठरवावे, आणि तो निर्णय साठा सांभाळणाऱ्या पुढच्या माणसासाठी यंत्राजवळच लिहून ठेवावा. संकेत दोघांना ठाऊक असला तरच तो संकेत होय.