स्मृतिस्थळे (लेखांक ६) : अपात्र ठरलेल्यांची जागा

मागच्या लेखात भूजचे भूकंपग्रस्तांसाठीचे स्मृतिवन पाहिले. ते सरकारने उभारलेले. भोपाळचे 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय 2014 साली वायुबाधितांनीच उभे केले आणि त्यासाठी सरकारचा किंवा कंपन्यांचा पैसा घेतला नाही. तिथे मृतांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत, शेजारी टेलिफोनचा रिसीव्हर. तो कानाला लावला की घरचे माणूस बोलू लागते. हा आवाज महत्त्वाचा, कारण भोपाळचा सगळा झगडाच मोजणीचा आहे. वायुगळतीच्या भरपाईची सरकार आणि कंपनी यांच्यातली 1989 ची तडजोड सुमारे 3 हजार मृत्यू धरून झाली. पुढे भरपाई देताना 5,295 मृत्यू मान्य करावे लागले, आणि बाधितांच्या संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. सरकारी मोजणीत जे उरले नाहीत त्यांना जागा देणे, हे अशा संग्रहालयाचे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

वऱ्हाडाला ते अगदी लागू पडते. अमरावती विभागात 2001 पासून शेतकरी आत्महत्यांच्या 20 हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्या मदतीसाठी 'अपात्र' ठरल्या. शेती कुटुंबातल्या कुणाच्या तरी नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, ते थकलेले हवे आणि वसुलीचा तगादाही हवा. मक्त्याने वावर करणाऱ्याचा सातबारा दुसऱ्याच्या नावाचा. हातउसन्या पैशाला कागद नसतो. अशा घरी तलाठ्याचा पंचनामा होतो, आणि नंतर एका शब्दात प्रकरण मिटते.

म्हणून असे संग्रहालय वऱ्हाडातही व्हावे. यावर आक्षेप असा की जे थांबलेलेच नाही त्याचे स्मारक कसले? भोपाळमध्येही विषारी कचरा आणि दूषित पाणी तसेच असताना संग्रहालय उघडले. चालू अन्यायाचा पुरावा तेव्हाच गोळा होतो, कागदांना कसर लागण्याआधी. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : अशा मांडणीतून मरणाचे अनुकरण होईल. म्हणून मरण कसे आले हे तिथे दाखवूच नये. बियाण्याची पावती, बँकेची नोटीस, मुलीच्या फीचा हिशेब, अपात्रतेचे पत्र, एवढे मांडावे, तेही घरच्यांची संमती घेऊन आणि त्यांना नको असेल तर नाव झाकून. तिसरा आक्षेप पैशाचा : तेवढ्यात शेततळी होतील. जरूर व्हावीत, पण 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचे पॅकेज दिले, त्यातून काय घडले हे विचारायलाही नोंदी लागतातच.

जागा म्हणून अमरावतीजवळचे वलगाव सुचवतो. 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी याच परिसरात देह ठेवला. त्यांच्या मामांची जमीन सावकाराने गिळली होती आणि पुढे आयुष्यभर ते कीर्तनातून ऋण काढून सण करू नका म्हणून सांगत राहिले. त्यांच्या निर्वाणभूमीजवळ दोन खोल्या मिळाल्या तरी सुरुवात करता येईल. पहिल्या खोलीत अपात्र प्रकरणांचे कागद असावेत.